पोहण्याच्या तलावाचा जमाखर्च

इंग्लंडमधील शाळांच्या अभ्यासक्रमात गणित आणि विज्ञान यांच्याबरोबर पोहणेही आहे. प्राथमिक शाळा सोडताना, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत, प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर अंतर आत्मविश्वासाने पोहता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. मुले हे शिकतात ती मुख्यतः गावोगावच्या सार्वजनिक तलावांत. तिकडची हवा थंड. त्यामुळे तेथील बहुतेक तलाव छपराखाली असतात आणि त्यांतले पाणी वर्षभर तापवावे लागते.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपात इंधनवायू व वीज यांचे भाव एकदम भडकले. तलाव चालवणाऱ्यांचे कंबरडेच मोडले. कोणी पाण्याचे तापमान उतरवले, कोणी तलावाची वेळ कमी केली, तर काहींनी तलावाला कुलूप लावले. जर्मनीत १ सप्टेंबर २०२२ पासून काही महिने खाजगी तलाव इंधनवायूने किंवा ग्रिडवरच्या विजेने तापवायलाच बंदी होती. मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या अंदाजपत्रकात इंग्लंडमधील तलाव असलेल्या क्रीडाकेंद्रांसाठी ६ कोटी ३० लाख पौंडांची तरतूद केली. तलाव बंद पडला की त्या गावातली मुले पोहायला शिकत नाहीत, आणि पोहता न येणे कधी जिवावर बेतेल ते सांगता येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हता.

पण मुळात एवढी ऊर्जा जाते कुठे? ती वाचवता येईल का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला कोणतेही अवघड विज्ञान लागत नाही. आठवी ते दहावीच्या पुस्तकात तुम्ही जे शिकता, तेवढ्यावर सगळा हिशेब मांडता येतो. चला, मांडून पाहू या.

पाणी तापवायला किती उष्णता?

समजा, आपला तलाव २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे आणि त्याची सरासरी खोली १.६ मीटर आहे. त्याचे घनफळ झाले ४०० घनमीटर, म्हणजे ४ लाख लिटर. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक किलोग्रॅम. म्हणून आपल्याकडे ४ लाख किलोग्रॅम पाणी आहे.

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे हा तलाव १ अंशाने तापवायला ४ लाख किलोकॅलरी हव्यात. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आणि एक किलोवॅट-तास म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी. भागाकार केला तर ४६५ युनिटे येतात. केवळ एका अंशासाठी ४६५ युनिटे!

स्पर्धेच्या तलावाचे पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नळाचे पाणी १० अंशांचे असेल आणि आपल्याला ते २८ अंशांवर न्यायचे असेल, तर ७२ लाख किलोकॅलरी लागतील, म्हणजे जवळजवळ ८,४०० युनिटे. आकडा पाहून छाती दडपते. पण हा खर्च एकदाच करायचा आहे. तलावाचे पाणी काही रोज बदलत नाहीत. तेच पाणी गाळून आणि शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरतात. मग रोजचे बिल कशाचे येते?

तलाव म्हणजे एक मोठा माठ

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते आणि ते पाणी गार होते. या उष्णतेने वाफेचे तापमान वाढत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. पोहून बाहेर आल्यावर वाऱ्याची झुळूक लागताच आपण कुडकुडतो, त्याचेही कारण हेच.

माठाच्या बाबतीत आपल्याला जे हवे असते, नेमके तेच तापवलेल्या तलावाच्या मुळावर येते. २८ अंशांच्या पाण्याच्या एका किलोग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. समजा, आपल्या तलावाची पातळी दिवसभरात बाष्पीभवनाने ४ मिलिमीटर उतरली. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण तलावाचा पृष्ठभाग २५० चौरसमीटर आहे. त्यामुळे एक घनमीटर, म्हणजे १,००० किलोग्रॅम पाणी उडाले. त्याबरोबर ५ लाख ८० हजार किलोकॅलरी गेल्या. तलावाला उष्णता पुरवली नाही, तर एवढ्यानेच पाणी दिवसाला जवळजवळ दीड अंशाने थंड होईल.

यातली एक गंमत ध्यानात घ्या. या हिशेबात तलाव लहान आहे की मोठा, याने काही फरक पडत नाही. क्षेत्रफळ दुप्पट केले तर उडणारे पाणीही दुप्पट आणि राहणारे पाणीही दुप्पट. फरक पडतो तो खोलीने. म्हणून लहान मुलांचा उथळ तलाव मोठ्यांच्या तलावापेक्षा फार लवकर थंड होतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मांडणीप्रमाणे तलावातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के उष्णता एकट्या बाष्पीभवनाने जाते. उघड्या तलावात आणखी सुमारे २० टक्के उष्णता प्रारणाने आकाशाकडे जाते. बंदिस्त तलावात सुमारे २७ टक्के उष्णता हवा खेळती ठेवण्यात खर्च होते. जमिनीत मुरणारी उष्णता फारच थोडी.

बाष्पीभवनाचे ५ लाख ८० हजार हे ७० टक्के धरले, तर एकूण रोजचा तोटा होतो सुमारे ८ लाख ३० हजार किलोकॅलरी, म्हणजे ९६० युनिटांच्या आसपास. आता हा आकडा मघाच्या ७२ लाखांशी ताडून पहा. थंड पाण्यापासून तलाव तापवायला जेवढी उष्णता लागली, तेवढी साधारण नऊ दिवसांत निघूनही जाते! तेव्हा खरा प्रश्न पाणी तापवण्याचा नसून ते तापलेले ठेवण्याचा आहे.

एका अंशाची किंमत

बाष्पीभवन किती होईल, हे पाण्याच्या पृष्ठभागाजवळच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांच्यातील फरकावर अवलंबून असते. २८ अंशांच्या पाण्याजवळ वाफेचा दाब सुमारे २८.३ मिलिमीटर पारा एवढा असतो. तलावाच्या दालनातली हवा २९ अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेतील वाफेचा दाब असतो सुमारे १८ मिलिमीटर. फरक झाला १०.३.

आता हवा तशीच ठेवून पाणी ३० अंशांवर नेले तर? पाण्याजवळचा दाब होतो ३१.८ आणि फरक होतो १३.८. म्हणजे पाणी फक्त दोन अंशांनी गरम केले आणि बाष्पीभवन एक-तृतीयांशाने वाढले. उलट, पाणी २७ अंशांवर ठेवले तर दाब २६.७ आणि फरक ८.७ होतो. बाष्पीभवन सुमारे १५ टक्क्यांनी घटते. २०२२ च्या हिवाळ्यात तलाव चालवणाऱ्यांनी आधी तापमानाच्या बटणाला हात का घातला, ते यावरून कळेल.

वारा हा बाष्पीभवनाचा दुसरा मित्र. पृष्ठभागावरची ओलसर हवा तो हटवतो आणि तिथे कोरडी हवा आणतो. म्हणून उघड्या तलावाच्या वाऱ्याकडच्या बाजूला झुडपांचे कुंपण किंवा भिंत असणे फायद्याचे ठरते.

साधे पांघरूण

यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे पांघरूण. तलाव बंद झाला की प्लॅस्टिकचे जाड आच्छादन पाण्यावर पसरायचे. हवेचे बुडबुडे असलेले प्लॅस्टिक यासाठी वापरतात. ते पाण्यावर तरंगते आणि बाष्पीभवन जवळजवळ थांबवते.

आपल्या ४ मिलिमीटरपैकी अडीच दिवसा आणि दीड रात्री उडतात असे धरू. दिवसा पोहणाऱ्यांच्या हालचालींनी पाणी घुसळले जाते, म्हणून तेव्हा जास्त. रात्रीचे दीड मिलिमीटर वाचले तर ३७५ लिटर पाणी वाचले, आणि त्याबरोबर सुमारे २५० युनिटे उष्णता वाचली. हे एका रात्रीचे! आच्छादनाने तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. शिवाय पाण्यातला क्लोरीनही कमी उडतो.

एक सूचना मात्र महत्त्वाची. पाण्यात उतरण्यापूर्वी आच्छादन पूर्णपणे काढलेच पाहिजे. अर्धवट काढलेल्या आच्छादनाखाली अडकून माणूस बुडू शकतो.

पंप : सावकाश चाला, पैसे वाचवा

आता दुसऱ्या खर्चाकडे वळू. तलावातले पाणी सतत फिरते असावे लागते. पंप ते खेचतो, वाळूच्या गाळणीतून ढकलतो, मग ते हीटरमधून जाते, त्यात क्लोरीन मिसळतो आणि ते तलावात परत येते. हे थांबले तर पाणी गढूळ होईल आणि रोगजंतू वाढतील.

समजा, आपला पंप चार तासांत सगळे ४०० घनमीटर पाणी एकदा फिरवतो. म्हणजे तासाला १०० घनमीटर. गाळणी, नळ, वळणे आणि हीटर यांचा मिळून जो अडथळा होतो, तो १५ मीटर उंचीवर पाणी चढवण्याइतका आहे असे धरू. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर विजेची शक्ती लागते सुमारे ६.८ किलोवॅट. चोवीस तासांत १६३ युनिटे.

पण हे पाणी जाते कुठे? तलावातून निघून तलावातच परत येते! ते कोणत्याही उंचीवर चढून राहत नाही. मग पंपाचे काम गेले कशात? सगळे घर्षणात. आणि नळातून जोराने वाहणाऱ्या पाण्याचे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर अडथळा चौपट. शक्ती म्हणजे अडथळा गुणिले प्रवाह. म्हणून प्रवाह दुप्पट केला, तर शक्ती चार गुणिले दोन, म्हणजे आठपट लागते. सायकलवर तुम्ही हे अनुभवलेच असेल. वेग थोडाच वाढवायचा, तर वाऱ्याविरुद्ध किती जोर लावावा लागतो!

हेच उलट वाचा. पंपाचे फेरे निम्मे केले, तर प्रवाह निम्मा होतो आणि शक्ती एक-अष्टमांश, म्हणजे ०.८५ किलोवॅट होते. तेच ४०० घनमीटर पाणी फिरवायला आता आठ तास लागतील. आधी चार तासांत २७ युनिटे लागत होती, आता आठ तासांत ७ युनिटे पुरतात. काम तेच, खर्च एक-चतुर्थांश. प्रत्यक्षात मंद गतीला मोटरची कार्यक्षमता थोडी घटते, म्हणून एक-अष्टमांशाऐवजी १.२ किलोवॅट धरू. तलाव बंद असतानाचे दहा तास पंप असा सावकाश चालवला आणि उरलेले चौदा तास पूर्ण गतीने, तरी रोजचा खर्च १६३ वरून १०७ युनिटांवर येतो. वर्षाला २० हजार युनिटे वाचतात.

यासाठी मोटरचे फेरे कमीजास्त करणारे इलेक्ट्रॉनिक साधन मिळते. अमेरिकेत १९ जुलै २०२१ पासून तलावांच्या नव्या पंपांना कार्यक्षमतेचे कडक निकष लागू झाले, आणि जमिनीतल्या तलावांचे बहुतेक नवे पंप अशा बदलत्या वेगाचे होऊ लागले. पुष्कळ ठिकाणी मात्र प्रवाह कमी करायचा म्हणून पंप पूर्ण गतीने ठेवून व्हॉल्व्ह थोडा बंद करतात. हे म्हणजे सायकलचा ब्रेक दाबून धरून जोराने पायडल मारण्यासारखे आहे.

सावकाश चालवण्यालाही मर्यादा आहे. पोहणाऱ्यांची गर्दी असताना पूर्ण प्रवाह हवाच. गाळणीतली घाण उलट प्रवाहाने धुऊन काढतानाही तो लागतो. हीटरमधून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. काटकसर पाण्याच्या शुद्धतेच्या आड कधीही येऊ देऊ नये. गाळणीच्या दोन्ही बाजूंचे दाबमापकही रोज पाहावेत. त्यांच्यातला फरक वाढू लागला की गाळणी तुंबली असे समजावे. तुंबलेल्या गाळणीने प्रवाह घटतो आणि वीज वाया जाते.

गच्चीवरच्या टाकीचे काय?

हा नियम ऐकून तुम्ही म्हणाल, "मग आमच्या इमारतीचा पंपही सावकाश चालवू या!" थांबा. तुमचा पंप तळटाकीतले पाणी गच्चीवर चढवतो. तिथे मुख्य अडथळा घर्षणाचा नसून उंचीचा आहे. एक हजार लिटर पाणी २० मीटर चढवायला १ लाख ९६ हजार जूल लागणारच, मग ते सावकाश चढवा की भरभर. फेरे फार कमी केले, तर पाणी गच्चीपर्यंत पोहोचणारच नाही आणि पंप नुसताच फिरत राहील. नियम पाठ करून भागत नाही. तो कुठे लागू पडतो, हेही पाहावे लागते.

उष्णता आणायची कुठून?

उष्णतेची गळती थांबवली की मगच हीटरचा विचार करावा. विजेच्या साध्या कॉइलने पाणी तापवले, तर एका युनिट विजेची एक युनिट उष्णता मिळते. त्याऐवजी उष्णता-पंप वापरतात. घरचा फ्रिज आतली उष्णता खेचून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. उष्णता-पंप हेच काम उलट्या हेतूने करतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून तलावाच्या पाण्यात सोडतो. एका युनिट विजेत तो ३ ते ७ युनिटे उष्णता देतो. ऊर्जा निर्माण होत नाही. नुसती एका जागेवरून दुसरीकडे नेली जाते. तलावाचे पाणी फार गरम करायचे नसल्याने हवा आणि पाणी यांच्या तापमानांतला फरक लहान असतो, आणि जेवढा फरक लहान, तेवढे हे यंत्र जास्त देते. म्हणून उघड्या तलावाचा उष्णता-पंप पहाटेपेक्षा दुपारच्या उबदार हवेत चालवणे शहाणपणाचे.

सूर्यप्रकाश तर फुकटच. तलावासाठी काच न लावलेले काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे साधे संग्राहकही पुरतात. मात्र त्यांचे क्षेत्रफळ तलावाच्या निम्मे ते पूर्ण एवढे लागते.

बंदिस्त तलावात आणखी एक युक्ती करतात. दालनातली दमट हवा थंड नळ्यांवरून नेली की तिच्यातल्या वाफेचे पुन्हा पाणी होते आणि अप्रकट उष्णता मोकळी होते. ती तलावाला परत देतात. जी वाफ चोरून घेऊन गेली, तिच्याकडूनच वसुली!

२०२३ साली इंग्लंडमधील एक्समथ येथील क्रीडाकेंद्रात तर एक नवेच दृश्य दिसले. 'डीप ग्रीन' या कंपनीने तेथे कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या पेटीत संगणक बसवले. संगणक चालताना तापतात आणि त्यांना थंड ठेवायला एरवी वेगळी वीज लागते. येथे ते तेलात बुडवून ठेवले होते आणि तापलेल्या तेलाची उष्णता तलावाच्या पाण्याला दिली जात होती. तलावाचे पाणी सुमारे ३० अंशांवर ठेवण्याचे काम जवळजवळ ६० टक्के वेळ त्यावर भागू लागले. एकाचा कचरा तो दुसऱ्याचे इंधन.

करून पहा

सारख्या आकाराची तीन पसरट भांडी घ्या. प्रत्येकात सुमारे ५० अंशांचे सारखेच पाणी मोजून ओता. पहिले उघडे ठेवा. दुसऱ्याच्या पाण्यावर तंतोतंत बसेल असा प्लॅस्टिकचा तुकडा तरंगत ठेवा. तिसरे पंख्याच्या वाऱ्यात, पहिल्या दोघांपासून दूर ठेवा. दर पाच मिनिटांनी अर्धा तास तापमान नोंदवा आणि तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. शेवटी प्रत्येकातले पाणी पुन्हा मोजा. जिथे पाणी जास्त घटले, तिथेच तापमान जास्त उतरले का?

सोडवून पहा

१. एका तलावाची सरासरी खोली १.२ मीटर आहे. त्यातून दिवसाला ३ मिलिमीटर पाणी उडते. केवळ बाष्पीभवनाने पाणी किती अंशांनी थंड होईल?

२. पाणी फिरवणाऱ्या पंपाचा प्रवाह ८० टक्क्यांवर आणला. शक्ती मूळच्या किती टक्के लागेल? तेवढेच पाणी फिरवायला एकूण ऊर्जा किती टक्के लागेल?

३. तुमच्या इमारतीच्या किंवा शाळेच्या पंपावरील पाटीवर त्याची शक्ती लिहिलेली असते. टाकी भरायला किती वेळ लागतो ते पहा आणि दर हजार लिटरला किती युनिटे लागतात ते काढा. वर दिलेल्या रीतीने, नुसत्या उंचीसाठी किती लागायला हवीत, तेही काढा. दोन्हींत फार तफावत असेल, तर ती कशामुळे असेल?

आपल्याकडचे बहुतेक तलाव तापवावे लागत नाहीत. पण त्यांचे पंप चालतातच, आणि त्यांचे बिल भरले जाते ते आपल्याच पैशांतून. पुढच्या वेळी पोहायला जाल तेव्हा पंपघराच्या दाराशी क्षणभर थांबा. पंपाचा आवाज ऐका, दाबमापकाचा काटा पहा, आणि तिथल्या काकांना विचारा की पंप रात्रीही याच गतीने चालतो का. त्या एका प्रश्नातून कदाचित तुमच्या तलावाचे उन्हाळी वर्ग आणखी एक महिना चालतील.

(उत्तरे : १. सुमारे १.४५ अंश. २. शक्ती सुमारे ५१ टक्के, ऊर्जा ६४ टक्के.)